अर्धा फेरा

मित्रांनो, मी सायकल आहे, पण माझ्यावर बसून आजवर कुणी कुठं गेलेलं नाही. मला रस्त्यावर धावणारी दोन चाकं नाहीत. पुढं एकच जड लोखंडी चाक आहे आणि ते जमिनीपासून वीतभर उंचावर, जागच्या जागी फिरतं. माणसं माझ्यावर चढतात, पायडल मारतात, घामानं निथळतात आणि जिथं चढली होती तिथंच उतरतात. लोक मला व्यायामाची सायकल म्हणतात. मी आता जुनी झाले आहे. माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे. तरी माझी गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण ती नुसती माझी नाही. ती दीपमाला नावाच्या एका बाईची आहे, आणि ती स्वतःहून कुणाला सांगायची नाही.

माझा जन्म दूर पंजाबात, एका कारखान्यात झाला. नळ्या कापणं, वाकवणं, जोडणं, असा खडखडाट तिथं दिवसभर चाले. मला निळा रंग दिला, गोणपाटात गुंडाळलं आणि ट्रकमध्ये चढवलं. ट्रक थांबला तो शहरातल्या जुन्या बाजारात, शहागंजात. तिथं बांगड्यांच्या दुकानाच्या माडीवर जब्बारभाईंची व्यायामशाळा होती. खालून घासाघीस करणाऱ्या बायकांचा आवाज यायचा आणि वर लोखंडी वजनांचा. या दोन आवाजांत माझं बालपण गेलं.

जब्बारभाई मला फार जपत. जुम्म्याच्या नमाजाला निघण्याआधी ते माझ्या साखळीला स्वतः तेल घालत आणि पोरांना सांगत, "मशीनकू जपो, मशीन तुमकू जपेगी." पोरं माझ्यासाठी ताटकळत उभी राहत. लग्न ठरलेला मुलगा तर हमखास माझ्यावर बसे; तारीख जवळ यायच्या आत त्याला पोट आत घ्यायचं असे. मला मोठा अभिमान वाटे. आपल्यामुळं माणसं धडधाकट होतात, असं मी धरून चालले होते. धडधाकट माणसंच माझ्याकडं येतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग विजेवर पळणारे पट्टे आले. त्यांच्यावर दिवे लुकलुकत. पोरं तिकडं वळली आणि मी कोपऱ्यात गेले. जब्बारभाई अधूनमधून तेल घालत राहिले, पण तेल घालताना आता ते काही बोलत नसत. शेवटी एक दिवस सोमनाथ नावाचा माणूस मला टेम्पोत घालून बजाजनगरला घेऊन आला.

सोमनाथ मूळचा कन्नड गावाकडचा. वाळूजच्या एका कंपनीत कामाला होता. कंपनीतल्या तपासणीत डॉक्टरनं त्याच्या पोटावर बोट ठेवून काहीतरी सुनावलं होतं, म्हणून मी त्या घरात आले. पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, पुढं छोटी गॅलरी. मला बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. सोमनाथ मोठ्या हौसेनं माझ्यावर बसला, काही दिवस बसत राहिला. मग पाळी बदलली, मग पाहुणे आले, मग मान अवघडली. माझ्या हँडलवर आधी त्याचा शर्ट आला, मग टॉवेल, मग सगळ्या घराचे ओले कपडे. ज्या सायकलीवर कुणी बसत नाही तिच्यावर कपडे वाळतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

ते कपडे वाळत घालणारी दीपमाला, सोमनाथची बायको. त्यांचा मुलगा प्रणय पुण्याला शिकायला होता, सणासुदीला तेवढा यायचा. दीपमाला घरी डबे करायची. बजाजनगरात एकटी राहणारी कामगार पोरं पुष्कळ, त्यांना घरच्यासारखी भाकरी हवी असे. सकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज सुरू होई. थप, थप, थप, आणि मग तव्यावर चर्र. तो आवाज ऐकला की मला शहागंजातली चालती साखळी आठवायची. डबे गेले की दुपारी ती कपडे बाजूला सारून माझ्यावर बसायची. पायडल मारायची नाही. नुसतेच पाय हलवत खिडकीतून गल्ली बघायची आणि कन्नडच्या बाजाराचं एखादं गाणं गुणगुणायची. तिची पकड मला माहीत झाली होती. कोरडी, उबदार आणि घट्ट.

एका हिवाळ्यात ती पकड सैल झाली.

आधी मला वाटलं, थंडी आहे. पण मग कपड्यांचे चिमटे तिच्या बोटांतून निसटून माझ्या पायांशी पडू लागले. ती वाकून उचलायची, पुन्हा निसटायचे. सकाळी तिची बोटं सुजलेली असत आणि मूठ वळत नसे. गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून ती बसून राहायची. भाकरीचा आवाज उशिरा सुरू होऊ लागला, मग अडखळू लागला. कधी थापताना एकदम थांबायचा आणि आतून काहीच ऐकू यायचं नाही. मी वाट बघत राहायचे.

सोमनाथ म्हणाला, "काम लई होतंय तुला." कुणी तेल सांगितलं, कुणी तांब्याचं कडं. कुणी आंबट बंद करायला लावलं. दुखणं मनगटातून कोपरात गेलं, कोपरातून गुडघ्यात उतरलं. वर्ष होत आलं तेव्हा शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्या संध्याकाळी सोमनाथ माझ्या सीटवर एक हात टेकून आईशी फोनवर बोलत होता.

"आमवात म्हणत्यात माय. म्हातारपणाचा नाय, दुसरा असतो म्हणं. शरीरच आपल्या सांध्यावर उलटतं... नाय, जात नाय तो. गोळ्या चालू ठेवायच्या."

त्याच्या हाताला घाम आला होता.

डबे बंद झाले. आणि दोन पिशव्या घेऊन कन्नडच्या गाडीनं आवडाबाई आल्या.

मित्रांनो, मी आवडाबाईंबद्दल वाईट बोलणार नाही. सुनेसाठी घरदार सोडून येणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. त्यांनी आल्याबरोबर पदर खोचला आणि सगळं घर हातात घेतलं. केर, भांडी, धुणं, स्वयंपाक. दीपमालाची वेणीसुद्धा त्याच घालायच्या. माझ्या शेजारी त्यांनी एक खुर्ची मांडली, तिच्यावर उशी टाकली आणि दीपमालाला तिथं बसवलं.

दीपमाला पाण्याचा तांब्या उचलायला गेली की त्या हातातून काढून घेत.

"कशाला हात लावती तू? मी हाय ना इथं."

"आत्याबाई, एवढं जमतं मला."

"जमतं म्हणून झिजवायचं का? बस गुमान."

दीपमाला बसायची. नाही म्हणायला तिच्यात ताकदही उरली नव्हती. हा आजार नुसता सांध्यांत नसतो, तो अंगातला जीव शोषून घेतो, हे मी तिच्या शेजारी उभं राहून शिकले. सकाळी उठल्यावरच ती दिवसभर राबल्यासारखी दिसायची. पण बसून बसून वेगळंच काही होऊ लागलं. तिच्या मांड्या बारीक झाल्या. खुर्चीतून उठताना ती पुढं झुकायची, थांबायची, पुन्हा झुकायची. मग आवडाबाई धावत येऊन काखेत हात घालून उठवायच्या. दुसऱ्या दिवशी ती झुकायचीही नाही, हाक मारायची.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. माझ्यावर ओली चादर पसरलेली असायची. चालण्यासाठी, फिरण्यासाठी जिचा जन्म झाला ती मी, आणि जिला हलण्याची गरज होती ती दीपमाला, अशा आम्ही दोघी शेजारी शेजारी गंजत होतो. मला हाक मारता येत नव्हती. पायडल आपणहून फिरत नाही.

मग डॉक्टरांनीच महेजबीनला पाठवलं. महेजबीन फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामानं उपचार करणारी. बजाजनगराजवळच राहायची, संध्याकाळी दवाखाना सुटला की स्कूटीवरून घरोघरी जायची. ती आली, दीपमालाचे सांधे एकेक करून हातात घेऊन पाहिले, आणि मग तिची नजर माझ्यावरच्या चादरीकडं गेली.

"ही चालते का?"

आवडाबाई म्हणाल्या, "चालती. पण तिचं काय काम? झिजलेलं जातं फिरवलं तर आणखीच झिजतं. पोरीला आराम पाहिजे."

महेजबीन जमिनीवर बसली. आवडाबाईंच्या शेजारीच. "आजी, हे झिजणं नाही. सांध्याला आतून सूज आहे. सूज उतरवायचं काम गोळीचं, आणि हलवायचं काम आपलं. एक सोडलं तर दुसरं एकटं पुरत नाही. बसून राहिल्या तर सांधा आखडून जातो, मग मलाही उघडता येत नाही."

"आणि दुखलं तर?"

"दुखेल थोडं. उतरल्यावर ओसरलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं तर समजायचं, जास्त झालं. मग कमी करायचं. बंद नाही करायचं. ज्या दिवशी गुडघा गरम, लाल असेल त्या दिवशी नुसता हळूच वाकवायचा आणि सरळ करायचा."

तिनं माझ्यावरची चादर काढली. सीट खाली घेतली. जोर वाढवायची खुंटी पार सैल सोडली, हँडलला जुन्या टॉवेलच्या जाड पट्ट्या गुंडाळल्या म्हणजे मूठ घट्ट वळावी लागणार नाही. मग तिनं आणि आवडाबाईंनी मिळून दीपमालाला माझ्यावर बसवलं.

माझं चाक फिरलं. कितीतरी काळानं फिरलं. पहिले फेरे इतके हळू होते की साखळीची एकेक कडी मला मोजता आली असती. दीपमालाचे ओठ घट्ट मिटलेले होते. उतरली तेव्हा तिचे पाय थरथरत होते, पण ती खुर्चीवर न बसता भिंतीला धरून उभी राहिली.

"उभी राहून बघते जरा," ती म्हणाली.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. शहागंजातल्या पोरांनी मला कितीही जोरात फिरवलं असेल, पण कुणाला माझी एवढी गरज नव्हती. दीपमाला सकाळी कोमट पाण्यानं अंघोळ करून, अंग जरा सैल झाल्यावर यायची. कधी थोडा वेळ, कधी त्याहून थोडा जास्त. वाईट दिवस असेल तर नुसती माझ्याजवळ बसून गुडघा वाकवायची आणि सरळ करायची. जिना उतरून ती खाली भाजीच्या गाडीपर्यंत जाऊ लागली. एका सकाळी स्वयंपाकघरातून थप आवाज आला. एकच भाकरी. कडेला चिरलेली, एका बाजूला जाड. सोमनाथ ती उभ्याउभ्या खाऊन कामावर गेला, आणि आवडाबाई कितीतरी वेळ त्या रिकाम्या तव्याकडं बघत बसल्या.

इथवर सगळं बरं होतं.

दीपमालाला एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असे, बुधवारी. ती घेतली की दुसऱ्या दिवशी तिला मळमळायचं, तोंडाची चव जायची. एक दिवस शेजारची बाई आली, गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "मोबाइलवर वाचलंय मी. ही तर कॅन्सरवाल्यांना देत्यात. तुला कशाला?"

दीपमालानं पाकीट तिच्या हातातून घेऊन डब्यात ठेवलं. पण पुढच्या बुधवारी दुपारी, आवडाबाई आत कलंडल्या असताना, ती माझ्यावर येऊन बसली. हातात ते पाकीट होतं. बराच वेळ बसली. मग स्वतःशीच म्हणाली, "सायकलीनंच गुण आलाय की." आणि पाकीट तसंच डब्यात परत ठेवलं.

आयुष्यभर मला कौतुक हवं होतं. त्या दुपारी मिळालेलं कौतुक मला नको होतं. महेजबीन जमिनीवर बसून काय म्हणाली होती, ते मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. एक सोडलं तर दुसरं एकटं पुरत नाही. मला ओरडून सांगायचं होतं की बाई, हे माझ्या एकटीचं नाही, गोळी घे. डॉक्टरला सांग मळमळतं म्हणून, तो काही तोड काढील. पण मी लोखंड. पुढचा बुधवार आला, त्याच्या पुढचा आला. डबा उघडलाच नाही. तिला बरंच वाटत होतं. ती माझ्यावर बसून गुणगुणत होती, आणि मी फिरत होते. मला दुसरं काय येतं?

दिवाळी संपली आणि आजार परत उसळला. या वेळी तो हळूहळू आला नाही. एका सकाळी ती माझ्यावर बसली आणि तिला पाय उचलताच येईना. उजवा गुडघा भांड्यासारखा फुगला होता, अंगात ताप होता. खांदे वर होईनात. आवडाबाईंनी तिला कवेत घेऊन खाली उतरवलं, गादीवर निजवलं, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"या लोखंडानं घात केला," त्या म्हणाल्या.

सोमनाथ म्हणाला, "माय, तिला तर बरं वाटत व्हतं."

"बरं वाटत व्हतं म्हणून जास्त फिरवलं. आतून झिजलं. मी पहिल्या दिवशी म्हणले व्हते का नाय? काढ हे इथून."

सोमनाथनं मला फरफटत गॅलरीत नेलं. संध्याकाळी महेजबीन आली तेव्हा आवडाबाई तिला दारातच भेटल्या. आवाज चढवला नाही. "पोरी, तू मनानं चांगली हायेस. पण आता नको येऊ. तिला निजू दे."

महेजबीननं आत डोकावून विचारलं, "दीपमालाताई, गोळ्या चालू आहेत ना? बुधवारची?"

मग आतून आवाज आला, "व्हय."

मी गॅलरीच्या दाराला टेकून होते. मी तो आवाज ऐकला, आणि महेजबीनच्या चपला जिना उतरताना ऐकल्या.

गॅलरीत ऊन यायचं, धूळ यायची. वाळूजच्या बाजूनं येणाऱ्या धुराची एक काळी साय माझ्यावर बसली. साखळीचं तेल सुकलं, सीटचा दांडा गंजून जागीच धरला. खिडकीच्या जाळीतून मला खुर्ची दिसायची आणि खुर्चीत दीपमाला. ताप गेला, पण सूज पुरती गेली नाही. दुखू नये म्हणून ती उजवा गुडघा वाकवून, खाली उशी घेऊन बसायची. आवडाबाई ती उशी रोज नीट करायच्या. बिचाऱ्या किती मायेनं नीट करायच्या. दिवस जात होते आणि गुडघा उशीच्याच आकारात घट्ट होत होता. उजवा कोपर सरळ होईना. मनगट एका बाजूला कललं. घास तोंडापर्यंत न्यायला ती मान खाली आणू लागली, मग आवडाबाई भरवू लागल्या. घरात कुणीच तिचं वाईट चिंतत नव्हतं. तरी ती आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आखडत गेली.

डॉक्टरकडं न्यायला सोमनाथ म्हणायचा. दीपमालाच म्हणायची, "नको, जिना उतरवत नाय." त्यात थोडं खोटंही होतं. डॉक्टर काय विचारतील ते तिला माहीत होतं.

मग तो दिवस आला. आवडाबाईंना नात्यातल्या लग्नाला कन्नडला जाणं भाग होतं. त्यांनी दीपमालाच्या हाताशी पाणी, डबा, सगळं मांडलं. सोमनाथ पहिल्या पाळीला गेला होता. दुपारी वारा सुटला. गॅलरीतल्या दोरीवर आवडाबाईंचं लुगडं वाळत होतं, ते सरकत सरकत कठड्याच्या बाहेर लोंबू लागलं. दीपमाला जाळीतून बघत होती. तिनं एक-दोनदा इकडंतिकडं पाहिलं, मग खुर्चीचे हात धरून उठली. भिंतीला धरून दारापर्यंत आली. मी तिला इतक्या जवळून कितीतरी दिवसांनी पाहत होते. तिनं लुगड्याकडं हात लांबवला, पण कोपर सरळ होत नव्हता. म्हणून ती एक पाऊल पुढं झाली, आणि वाकडा गुडघा खाली दुमडला.

ती माझ्या पायथ्याशी पडली. लुगडं वाऱ्यानं उडून खाली गल्लीत गेलं.

"कुणी हाय का?" ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली असं तिला वाटलं असेल. समोरच्या वर्कशॉपमध्ये यंत्र चालू होतं.

मग तिनं मला धरायचं ठरवलं. तिचा हात माझ्या पायडलपर्यंत पोहोचत होता. तिनं दोन्ही तळवे पायडलवर दाबले आणि अंग वर ओढलं. मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. आता तरी घट्ट राहा, असं मी स्वतःला बजावलं. पण पायडल फिरण्यासाठीच असतं. भार पडला आणि ते खाली फिरलं, तिचे हात निसटले, ती पुन्हा फरशीवर पडली. तिनं पुन्हा धरलं. मी पुन्हा फिरले. एवढी गंजले होते, तरी नेमकी तेव्हा फिरले. शेवटी तिनं प्रयत्न सोडला आणि गाल फरशीला लावून पडून राहिली. ऊन आधी तिच्या पायांवर होतं, मग कमरेवर आलं, मग तोंडावर. पाळी सुटून सोमनाथ येईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

हाड मोडलं नव्हतं. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं आणि तिला खरं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी आवडाबाई परतल्या तेव्हा सोमनाथनं त्यांना सगळं सांगितलं. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

आवडाबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दिवाळीच्या आधीपासून?"

"व्हय," दीपमाला म्हणाली.

"मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही सायकलीला बोलत व्हत्या, आत्याबाई. मला वाटलं, बोलू द्या. माझ्यावर तर नाय आलं."

आवडाबाई उठून गॅलरीत आल्या, माझं हँडल धरलं आणि मला आत ओढायला लागल्या. मी जड आहे. उंबऱ्यात अडकले. त्यांनी पुन्हा जोर लावला, दम खाल्ला, पुन्हा लावला. सोमनाथ मदतीला आला तरी त्यांनी हँडल सोडलं नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. मळमळीवर डॉक्टरांनी औषध दिलं, आठवड्याच्या गोळीबरोबर रोज घ्यायची आणखी एक वेगळी गोळी दिली. इतकी साधी गोष्ट होती ती. महेजबीनला आवडाबाईंनी स्वतः फोन करवून बोलावलं. ती आली, दीपमालाचा गुडघा हातात धरून हळूच सरळ करायला गेली, आणि एका जागी तिचा हात थांबला. तिनं पुन्हा प्रयत्न केला नाही.

"ताई, गेलं ते सगळं परत येईल असं मी खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "उरलंय ते राखायचं. त्यातलं थोडं वाढलं तर वाढलं."

माझी सीट खाली-वर होईना आणि दीपमालाला एवढं उंच चढता येईना. म्हणून सोमनाथनं सीट कापून काढली आणि माझ्यामागं तिची खुर्ची लावली. आता ती खुर्चीत बसूनच माझ्या पायडलवर पाय ठेवते. उजवा गुडघा पुरता वाकत नाही, पुरता सरळही होत नाही, त्यामुळं फेरा पूर्ण होत नाही. पायडल पुढं जातं, एका ठिकाणी अडतं, आणि तिथून मागं येतं. पुढं अर्धा, मागं अर्धा. शहागंजात माझं चाक एवढ्या वेगानं फिरायचं की त्याचे आरे दिसायचे नाहीत. आता ते झोपाळ्यासारखं हलतं.

सुरुवातीपासूनच आवडाबाई फरशीवर बसून तिची टाच दोन्ही हातांनी धरत, पाय निसटेल या भीतीनं. परवा सकाळचीच गोष्ट.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग थांबू?"

"थांबू नका, आत्याबाई. हात तेवढा सोडा."

आवडाबाईंनी हात सोडला. पण पार दूर नेला नाही, टाचेच्या खाली, न लागता, तसाच धरून ठेवला. दीपमालाचा पाय पुढं गेला, अडला, मागं आला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे सांधे असे धरले असतील, तर माझं एवढं ऐका. त्यांना विचारा, आज गोळी घेतली का. मळमळतं म्हणून सोडली असेल तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा. मला सांगता आलं नाही, तुम्हाला येतं. सूज असेल त्या दिवशी त्यांना थोडं हलू द्या, नसेल त्या दिवशी जास्त. आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढं केला, तर तो काढून घेऊ नका. वेळ लागेल, पाणी सांडेल, बघवणार नाही. तरी जवळ उभे राहा, आणि उचलू द्या.